वूच, पोलंड : गिरण्यांच्या शहरातली संग्रहालयं

भोईवाड्याची_लेक

मुलगा नोकरीनिमित्त वॉर्सात असतो. यंदा त्याच्याकडे तीन आठवडे राहून आले. त्यातले तीन दिवस मी हट्टाने वूचसाठी काढले. इथे पोलंडवर क्राकूव्ह आणि ऑशविट्झचे धागे बरेच आहेत, वूचवर एकही दिसला नाही, म्हणून लिहिते. (पोलिश स्पेलिंग बघून आपण ‘लोड्झ’ म्हणतो. खरा उच्चार ‘वूच’ आणि अर्थ होडी. शहराच्या चिन्हावरही होडीच आहे.)

हट्टाचं कारण असं. माझे बाबा परळच्या एका गिरणीत विणखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्याआधी आईबरोबर डबा द्यायला गेटपर्यंत जायचे. आतला आवाज भिंतीतून यायचा. आत काय चालतं ते मात्र कधी पाहिलं नाही. संपानंतर बाबा पुन्हा मागावर उभे राहिले नाहीत, त्यामुळे ते पाहायचं राहूनच गेलं.

वूच हे पोलंडचं गिरणगाव. 1820 च्या सुमारास हजारसुद्धा वस्ती नसलेलं गाव. तिथल्या सरकारने ते कारखान्यांची वसाहत म्हणून ठरवलं, जर्मन विणकर आणून वसवले, आणि 1897 च्या जनगणनेत लोकसंख्या तीन लाखांच्या वर गेली होती. मोठी नदी नाही. 18 छोट्या नद्या-ओढे होते, त्यांच्या पाण्यावर गिरण्या उभ्या राहिल्या आणि पुढे त्या नद्यांतल्या बऱ्याचशा रस्त्यांखाली बंदिस्त झाल्या. जर्मन, ज्यू, पोलिश आणि रशियन असे चार समाज इथे नांदले. आज त्या गिरण्यांतली एकही जुन्या तऱ्हेने चालत नाही. पण त्यांच्या इमारतींत संग्रहालयं आहेत.

पहिल्या दिवशी इझ्राएल पोझ्नान्स्कीच्या गिरणीत गेलो. लाल विटांची एवढी मोठी भिंत मी आयुष्यात पाहिली नव्हती. मधोमध कमानीचं दार, त्यावर घड्याळ. या अख्ख्या आवाराला आता ‘मानुफाक्तुरा’ म्हणतात. 2006 पासून तिथे मॉल आहे, आणि आता हॉटेल, चित्रपटगृह, उपाहारगृहं असं सगळं आहे. त्यातच एक छोटंसं कारखाना-संग्रहालय आहे. दोन खोल्यांत आटपेल एवढंच. फोटो, हजेरीची कागदपत्रं, कापडाचे नमुने, आणि जुने माग. चालू स्थितीतले माग.

तिथल्या बाईंनी एक माग सुरू केला.

मी काय लिहू? कानाला लागायच्या आधी तो आवाज पायाला लागतो. लाकडी जमीन थरथरते. धोटा इकडून तिकडे जातो तो डोळ्यांना दिसतच नाही, फक्त दोन्ही टोकांना ठोका ऐकू येतो. एकच माग होता हो. बाबांच्या खात्यात शेकडो होते. ते घरी आल्यावर मोठ्याने का बोलायचे, हे मला वयाच्या पन्नाशीत तिथे उभं राहिल्यावर कळलं.

माग थांबल्यावर बाईंनी विचारलं, कुठून आलात? मुलाने फोनवर भाषांतर करून सांगितलं की हिचे वडील मुंबईत विणकर होते. त्या म्हणाल्या, “माझी आई.” आणि खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. याच गिरणीत.

तेव्हा लक्षात आलं की वूचच्या फोटोंमध्ये मागावर बायकाच बायका आहेत. आपल्याकडे विणखातं पुरुषांचं, बायका बहुतेक कांड्या-बॉबिनकडे. तिथे विणकर म्हटलं की बाईच डोळ्यांपुढे येते. ‘त्काचका’ म्हणतात तिला. फेब्रुवारी 1971 मध्ये सरकारने अन्नधान्य महाग केलं होतं तेव्हा याच गिरणीतून संप सुरू झाला. त्या वेळी ती सरकारी होती आणि नाव मार्खलेव्स्की होतं. संप शहरभर पसरला. पंतप्रधान स्वतः वूचला येऊन बायकांसमोर उभे राहिले आणि सरकारला भाववाढ मागे घ्यावी लागली. आधीच्या डिसेंबरात बंदरांतल्या कामगारांवर गोळ्या झाडल्या होत्या, तरी भाववाढ टिकून होती. ती वूचच्या विणकर बायकांनी उतरवली. संप जिंकून कामावर परत जाता येतं, हे मला माझ्या लहानपणात कुणी सांगितलं नव्हतं.

बाकीचं जमेल तसं लिहिते. कुणी गेलं असेल तर भर घाला.

मोगरा_फुलला

ताई, वाचताना अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली. पुढचं लवकर लिहा.

वॉर्सावाला_विन्या

सहा वर्षं वॉर्सात आहे, वूचला चार-पाच वेळा झालं. भर घालतो.

वॉर्साहून रेल्वेने सव्वा ते दीड तास. ‘वूच फाब्रिचना’ स्टेशनला उतरा. हे 2016 ला नव्याने जमिनीखाली बांधलेलं आहे आणि शहराच्या मध्यात आहे. सोमवारी जाऊ नका, बहुतेक संग्रहालयं बंद असतात. आणि पोलंडच्या कायद्यानुसार सार्वजनिक संग्रहालयांना आठवड्यातून एक दिवस कायमचं दालन मोफत ठेवावं लागतं. तो दिवस प्रत्येकाचा वेगळा असतो, तेव्हा आधी बघून घ्या. कुटुंब मोठं असेल तर बराच फरक पडतो.

ताईंनी मानुफाक्तुरातलं छोटं संग्रहालय लिहिलंय. पण गिरण्यांसाठी जाणार असाल तर मुख्य जागा आहे केंद्रीय वस्त्रोद्योग संग्रहालय, प्योत्रकोव्स्का रस्त्याच्या दक्षिण टोकाला, घर क्रमांक 282. ती लुडविक गायरची ‘पांढरी गिरणी’, 1835 ते 1839 मध्ये बांधलेली. वूचमध्ये सगळ्या गिरण्या उघड्या लाल विटांच्या, ही गिलावा करून पांढरी केलेली, म्हणून हे नाव. शहरातलं वाफेचं पहिलं इंजिन इथेच लागलं. आत हातमागापासून यंत्रमागापर्यंत सगळं आहे, निवांत अर्धा दिवस लागतो.

मागच्या अंगणात लाकडी घरांचं खुलं संग्रहालय आहे. शहरात जिथे तिथे पाडायला निघालेली विणकरांची घरं उचलून इथे आणून उभी केली. एक लाकडी चर्च, ट्रामची एक जुनी प्रतीक्षागृहाची टपरीसुद्धा. घरांच्या आत वेगवेगळ्या काळातले संसार मांडलेत. एका खोलीत कॉट, शिलाई मशीन, रेडिओ, दोरीवर कपडे. माझी आई त्या खोलीत गेली आणि म्हणाली, “अरे, ही तर आपली डोंबिवलीची पहिली खोली.”

ट्राममध्ये उपयोगी पडतील असे वूचचे दोन खास शब्द : शेवटच्या थांब्याला ‘क्रांत्सुव्का’ म्हणतात आणि महिन्याच्या पासला ‘मिगाव्का’. वॉर्सात हे बोललात तर लोक हसून विचारतात, वूचचे का?

यंत्रमाग_इचल

आम्ही तीन पिढ्या इचलकरंजीत मागावर. हा धागा आमच्या गल्लीतल्या ग्रुपवर फिरतोय.

ताई, जे तुम्ही पाहिलं ते नेमकं कसं चालतं ते सांगतो, म्हणजे पुढे जाणाऱ्याला बघताना मजा येईल. उभे धागे म्हणजे ताणा. ते बीमवर गुंडाळलेले असतात आणि मागच्या बाजूने येतात. वयांमधून, म्हणजे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटींमधून, ओवलेले असतात. पाय दाबला किंवा कॅम फिरला की अर्धे धागे वर, अर्धे खाली, मध्ये बोगदा तयार होतो. त्या बोगद्यातून धोटा जातो. धोट्याच्या पोटात कांडी, कांडीवर बाण्याचा धागा. तुम्ही जो टोकाचा ठोका ऐकलात तो धोटा पेटीत आदळल्याचा आणि पिकरने त्याला परत हाणल्याचा. प्रत्येक फेरीनंतर फणी येऊन तो आडवा धागा ठोकून घट्ट बसवते. जमीन हलते ती त्या फणीच्या झोक्याने.

जुन्या गिरणीत प्रत्येक मागाला वेगळी मोटर नसायची. छताखाली लांबच लांब लोखंडी दांडा फिरायचा, त्याच्यावरून चामड्याचा पट्टा खाली मागावर. वाफेचं इंजिन एकच, माग शेकडो. तिथे छताकडे बघितलंत का? दांडा ठेवलाय का?

आणि माग कुठल्या बाजूने सुरू करतात, उजव्या की डाव्या?

भोईवाड्याची_लेक

दादा, छताकडे बघायचं सुचलंच नाही! सुरू केला तो उजव्या हाताने, दांडी ओढून. माझ्याकडे दीड मिनिटाचं रेकॉर्डिंग आहे, त्यात शेवटी बाईंचा हात दिसतो. व्यक्तिगत निरोपातून पाठवते.

ओवी_विणते

मी टेक्स्टाइल डिझाइन शिकले आणि हातमागावर काम करते. पांढऱ्या गिरणीतली एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही, ती म्हणजे तिथली कलाविणकाम दालनं. 1972 पासून वूचमध्ये दर तीन वर्षांनी टॅपेस्ट्रीचं, म्हणजे कलात्मक विणकामाचं, मोठं प्रदर्शन भरतं. जगभरचे विणकर-कलाकार येतात. आमच्या क्षेत्रात त्याचं नाव फार मोठं आहे.

माग्दालेना अबाकानोविच (1930-2017) यांचं काम प्रत्यक्ष पाहायचं माझं कॉलेजपासूनचं स्वप्न होतं. साठच्या दशकात त्यांनी सिसालचे, म्हणजे दोरखंडाच्या जाड तंतूंचे, माणसापेक्षा उंच विणलेले आकार छतावरून टांगले. टॅपेस्ट्री भिंतीवर सपाट लावायची असते हे त्यांनी मोडलं. त्यांच्या आडनावावरूनच त्या आकारांना ‘अबाकान’ म्हणतात. फोटोत ते रग टांगल्यासारखे दिसतात. जवळ गेल्यावर त्यांना वास असतो, काथ्याच्या गुंडाळ्यांचा असतो तसा. भोवती फिरलं की एका बाजूने जनावराचं कातडं, दुसऱ्या बाजूने आत शिरून बसावं अशी गुहा. युद्धानंतर चांगलं सूत मिळत नव्हतं तेव्हा त्या बंदरावर फेकलेले जुने दोर उकलून, धुऊन, रंगवून वापरायच्या. मी तिथे दोन तास बसले होते.

सगळ्यांना आवडेलच असं नाही. माझ्या नवऱ्याने वीस मिनिटांत बाहेरचं बाक गाठलं. पण ज्याने कधी हाताने काही विणलंय, त्याने हे चुकवू नये.

तात्या_परळ

वाईट वाटू देऊ नका, पण गिरणीच्या जागी मॉल झाला याचं कौतुक मला करवत नाही. आमच्याकडेही चिमण्या तेवढ्या ठेवून खाली दुकानं काढली. कोपऱ्यात दोन माग ठेवले म्हणून तो कामगारांचा सन्मान होत नाही. वूचला नोकऱ्या गेल्या त्या बायकांचं काय झालं, ते त्या संग्रहालयात लिहिलंय का?

वॉर्सावाला_विन्या

तात्या, प्रश्न रास्त आहे. 1989 नंतर सोव्हिएत बाजारपेठ एकदम गेली आणि वूचच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. कोळसा खाणी आणि पोलाद कारखान्यांतल्या पुरुषांच्या वाट्याला जेवढं लक्ष आलं, तेवढं या बायकांच्या आलं नाही, असं वूचचे लोक आजही कळवळून सांगतात. शहराची लोकसंख्या तेव्हापासून घटतच गेली. मॉल चकचकीत आहे, पण दोन रस्ते पलीकडे गेलात तर काळवंडलेल्या, पोपडे निघालेल्या इमारती अजून आहेत. लाकडी घरांच्या त्या खुल्या संग्रहालयात मात्र कामगारांच्या घरचं आयुष्य आहे, मालकांचं नाही. तुम्ही आधी तिथे जा, मॉलला नंतर.

भोईवाड्याची_लेक

तात्या, तुम्ही म्हणता ते माझ्याही मनात होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मुद्दाम क्शेंझी म्वीनला गेले.

ही कार्ल शाईब्लरची गिरणी. तो 1881 मध्ये वारला तेव्हा वूचमधला सगळ्यात मोठा गिरणीमालक होता. सूतगिरणीची इमारत 200 मीटरहून लांब. एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस ओळखू येत नाही. तिच्यासमोर कामगारांच्या घरांच्या रांगा आहेत, लाल विटांच्या, दुमजली. त्यांना ‘फामुवी’ म्हणतात. शब्द जर्मनमधून आला, कुटुंबांची घरं या अर्थाचा. मधून दगडी रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, मालकाने काढलेली शाळा, दुकान, दवाखाना, अग्निशमन दल. मागे अंगणात प्रत्येकाची सरपणाची खोली. सगळं मालकाचं. नोकरी गेली की घरही गेलं.

तिथे अजून माणसं राहतात. एका खिडकीत मांजर आणि जिरेनियमची कुंडी होती. आमच्या बीडीडी चाळीच्या तुलनेत खोल्या मोठ्या वाटल्या, पण नळ आणि संडास तिथेही कित्येक वर्षं बाहेरच होते असं कळलं.

या वस्तीपासून पाच मिनिटांवर हेर्बस्ट वाडा. शाईब्लरने मुलीला आणि जावयाला बांधून दिलेला, 1876 चा. आता कलासंग्रहालयाची शाखा आहे. नाचाचं दालन, आरसे, पौर्वात्य पद्धतीची बैठक. सुंदर आहे. मी दहा मिनिटांत बाहेर आले. फामुवीच्या पायरीवर मात्र तासभर बसले.

मॉलबद्दल एवढंच म्हणेन की भिंत उभी आहे, म्हणून ती बाई खिडकीतून बोट दाखवू शकली. बाबांच्या गिरणीच्या जागी आता काच आहे. मला बोट दाखवायला काही उरलं नाही. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचा घाट घातलाय. तिथे मागावर काम केलेली माणसं हयात आहेत तोवर त्यांना बोलावून माग चालवून घ्यावेत, एवढं मला मनापासून वाटतं.

तात्या_परळ

पटलं. बीडीडीचा उल्लेख वाचून गप्प झालो.

अभ्यासू_कीडा

एक जागा राहिली आहे आणि ती राहू नये. राडेगास्ट स्टेशन.

नाझींनी वूचचं नाव बदलून लिट्झमानश्टाट केलं आणि शहराच्या उत्तर भागात 1940 मध्ये ज्यूंची वस्ती तारांनी बंद केली. एकूण सुमारे दोन लाख लोक या वस्तीतून गेले. गिरण्यांचं शहर असल्याने इथल्या माणसांना कामाला जुंपलं. शिवणखात्यांमधून जर्मन सैन्याचे गणवेश निघत. काम करू शकतो तोवर जगू, या आशेवर लोकांनी शिवलं. लहान मुलंही यंत्रांवर बसली. 1942 पासून राडेगास्टवरून गाड्या खेव्म्नोच्या मृत्यूछावणीकडे आणि 1944 च्या ऑगस्टमध्ये ऑशविट्झकडे गेल्या. पोलंडमधली सगळ्यात शेवटी रिकामी केलेली ही मोठी वस्ती.

लाकडी स्टेशन तसंच आहे. रुळांवर त्या काळचे मालगाडीचे डबे उभे आहेत. शेजारी काँक्रीटचा लांब बोगदा, भिंतींवर पाठवलेल्यांच्या याद्या. टंकलेखित याद्या आहेत : नाव, जन्मसाल, पत्ता, धंदा. धंद्याच्या रकान्यात कितीदा शिंपी, विणकर, शिवणकाम येतं ते वाचत जा.

विनंती एकच. मॉल, दुपारचं जेवण आणि मग राडेगास्ट असं एका दिवसात बसवू नका. सकाळी जा आणि त्यानंतर दुसरं काही ठेवू नका. जमल्यास तिथून ज्यू स्मशानभूमीत जा. पोझ्नान्स्कीची भव्य घुमटाची समाधी तिथे आहे, आणि त्याच आवारात मोकळ्या मैदानात वस्तीत उपासमारीने मेलेल्यांच्या साध्या कबरी.

मोगरा_फुलला

हे वाचून काही लिहवत नाही. धन्यवाद.

दोन_पोरांची_आई

आम्ही 8 आणि 11 वर्षांच्या मुलांना घेऊन गेलो होतो. मुलांना गिरण्या तासाभराने पुरे होतात, म्हणून आमचा अनुभव.

‘ईसी1’ म्हणजे 1907 चं जुनं वीजकेंद्र. स्टेशनच्या शेजारीच. कोळसा कुठून यायचा, बॉयलर, टर्बाइन, शीतकरण मनोरा असं क्रमाने चालत बघता येतं, आणि मध्ये मध्ये मुलांना हात लावून करायचे प्रयोग. तारांगणही तिथेच. दिवस गेला आमचा.

दुसरं ‘देन्त्का’. शब्दाचा अर्थ सायकलची ट्यूब. स्वातंत्र्य चौकाच्या खाली विटांचा गोल फिरून येणारा बोगदा आहे, 1926 चा, 142 मीटर लांब. त्यात पाणी साठवून एकदम सोडायचं, म्हणजे मध्यवस्तीतली गटारं धुऊन निघायची. आराखडा लिंडली या इंग्रज अभियंत्याचा. उंच माणसाला मान वाकवून चालावं लागतं. हिवाळ्यात बंद असतं. धाकट्याने घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं की पोलंडमध्ये आम्ही गटारात गेलो.

सिनेमाची आवड असेल तर शाईब्लरच्याच दुसऱ्या वाड्यात चित्रपटकला संग्रहालय आहे. वूचची चित्रपटशाळा 1948 ची. वायदा, पोलान्स्की, किश्लोव्स्की तिथलेच. तिथे एक मोठं गोल लाकडी यंत्र आहे, भोवती बसून भिंगातून त्रिमिती फोटो बघायचे. आपल्या जत्रेतल्या बायोस्कोपच्या घराण्यातलं, पण एका वेळी बरेच लोक बसतील एवढं. मुलं उठेनात.

शाकाहारी मंडळींनी ‘बार म्लेचनी’ शोधावा, म्हणजे स्वस्त खानावळ. बटाटा-चीज भरलेले ‘प्येरोगी रुस्क्ये’ मागा, उकडलेल्या करंज्याच. वरून तळलेला कांदा येतो. डुकराचे तुकडे नकोत हे आधी सांगा. ‘झालेवायका’ हे वूचचं खास सूप, पण त्यात सहसा सॉसेज असतं.

करवीरकर

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत 1943 ते 48 पोलिश निर्वासित राहिले, त्याबद्दल वूचमध्ये काही आहे का?

वॉर्सावाला_विन्या

वूचमध्ये माझ्या बघण्यात नाही. वॉर्सात ओखोता भागात कोल्हापूरचं स्मारक आहे आणि जवळच जामनगरच्या महाराजांच्या नावाची बाग. अर्ध्या तासात दोन्ही होतं. वळिवड्यावर वेगळा धागा काढा, खूप लिहिण्यासारखं आहे.

यंत्रमाग_इचल

ताई, रेकॉर्डिंग मिळालं. चार वेळा ऐकलं. माग चांगला ठेवलाय त्यांनी, तेलपाणी होतंय. पण ठोका दोन्ही बाजूंना सारखा नाही. डावीकडून धोटा जरा उशिरा सुटतोय. तुमच्या बाबांना ऐकवलंत का?

भोईवाड्याची_लेक

कालच ऐकवलं. बाबा आता 84 चे आहेत. डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, म्हणून उजव्या कानाला फोन लावला. डोळे मिटून पूर्ण दीड मिनिट ऐकलं. मला वाटलं आता रडतील. पण ते म्हणाले, “डावीकडचा पिकर झिजलाय. बदला म्हणावं.”

मग पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचा उजवा हात मांडीवर हलत होता. संपल्यावर विचारलं, “कापडाचा काठ कसा येत होता? सरळ की खाल्लेला?”

मी काठ बघितलाच नव्हता. ते जरा नाराज झाले. “एवढ्या लांब गेलीस आणि काठ बघितला नाहीस?”

कुणी जाणार असेल तर प्लीज काठाचा जवळून फोटो काढा. डावा आणि उजवा, दोन्ही.

भटक्या_सांगलीचा

मी ऑक्टोबरात जातोय, वूचला दोन दिवस ठेवलेत. काठाचा फोटो टाकतो इथे. छताखालचा दांडाही बघतो, इचलकरंजीकर. पिकरचं त्या बाईंना पोलिशमध्ये कसं सांगायचं तेवढं विन्या, तुम्ही लिहून द्या.

वॉर्सावाला_विन्या

देतो. आजच ऑफिसात एकाला विचारतो, त्याची आजी वूचची आहे.